लोअर युनिटचं तेल बघितलं का?

कुणी बसमध्ये असेल, कुणी वावरात, कुणी रात्री हेडफोन लावून पडलेलं असेल. जिथं असाल तिथून ऐका. ज्यांना वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पूर्ण भाग इथं लिहून दिलाय. आज तर मुद्दाम लिहून दिलाय, कारण हे काम करताना हात तेलानं भरलेले असतात आणि ऑडिओ मागे-पुढे करत बसता येत नाही.

आजचा विषय आहे होडीची मोटर. म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लटकवतात ती आउटबोर्ड मोटर, जिला बचाव पथकातली पोरं ‘ओबीएम’ म्हणतात. त्यातही वरचं इंजिन नाही, तर पाण्यात बुडालेला खालचा भाग, लोअर युनिट. तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, मग हा विषय कशाला? तर ऐका. आपला जिल्हा तलावांचा. मधून वैनगंगा वाहते. पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे, राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन केलेलं, ३३ दरवाज्यांचं. त्या धरणामागे दूरवर पाणी पसरलेलं असतं. मासेमारीच्या होड्या आहेत, आंभोऱ्याकडे फिरायच्या होड्या आहेत आणि पुराच्या वेळी बचावाच्या होड्या आहेत. या सगळ्यांच्या मागे मोटर लटकलेली असते. आणि पूर आला की तुमचं-माझं कुणाचं तरी माणूस त्या मोटरच्या भरवशावर असतं.

माझं पवनी तालुक्यात टू-व्हीलर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. होडीच्या मोटरला हात लावला तो गावातल्या मासेमारीवाल्यांच्या एका होडीमुळे. २५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर. ‘तू गाड्या दुरुस्त करतोस, हेही तूच बघ’, असं म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात घातली. आज जे सांगणार आहे ते मी त्याच मोटरकडून शिकलो. आणि सरळ सांगतो, चूक करून शिकलो.

२०२० चा ऑगस्ट

२०२० चा मे महिना आठवा. लॉकडाऊन होता, दुकान अर्धं बंद. वेळ होता म्हणून मी त्या मोटरचं गिअर ऑइल काढलं. निघालं काय, तर दूध जास्त झालेला चहा. तसाच रंग, तसाच दाट. मला तेव्हाही कळलं होतं की तेलात पाणी गेलंय. पण सील मिळत नव्हतं, नागपूरला जायची सोय नव्हती. मी नवीन तेल भरलं, बोल्ट आवळले आणि म्हटलं, पावसाळा निघू दे, मग बघू.

ऑगस्टच्या शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. वर मध्य प्रदेशात धो-धो पाऊस, संजय सरोवरातून पाणी सोडलेलं, वैनगंगा भंडारा शहरात घुसली. गोसेखुर्दचे सगळे दरवाजे उघडले. पवनीच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. आमची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून तिकडे नेली. पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला एका घराच्या छतावरून पाच माणसं घेतली, त्यात एक म्हातारी आणि एक लहान पोरगी. परत निघालो आणि खालून खरखर सुरू झाली. मग कर्रर्र असा आवाज आला. मग आवाजच बंद. इंजिन वर मस्त चालू, थ्रॉटल दिला तर नुसतं ओरडतंय, होडी मात्र पुढे जात नाही. धार आम्हाला बाजूला ओढत होती.

मोटर बंद पडली असती तर निदान दोरी ओढायला काहीतरी हातात होतं. इंजिन चालू आणि होडी उभी, यात काय करायचं ते सुचतच नाही. आम्ही एका बाभळीच्या फांद्यांना धरून थांबलो. शेवटी एक ढिवर बाबा आपला डोंगा बांबूनं रेटत आले. वय साठीच्या पुढे. त्यांनी दोर टाकला आणि आम्हाला काठाकाठानं, पाणी कुठं संथ आहे ते ओळखत, बाहेर काढलं. सगळे सुखरूप. म्हातारीनं उतरल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मला वर बघवलं नाही.

बाबांनी मोटरकडे बघून विचारलं, ‘काय झालं गा, बिघडली का?’ मी म्हटलं, ‘हो बाबा, आत्ताच बिघडली.’ ते हसले आणि म्हणाले, ‘आत्ता नाई बिघडली. आत्ता दिसली.’

नंतर गिअरकेस उघडली तेव्हा बाबांचं म्हणणं शब्दश: खरं निघालं. पिनियनजवळचं बेअरिंग फुटलेलं होतं आणि त्याच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे होते. गंज पुरात दोन तासांत चढत नाही. मागच्या पावसाळ्यात पाणी आत गेलं, मोटर नऊ महिने शेडमध्ये उभी राहिली आणि ते पाणी तिथं गुपचूप बेअरिंग खात राहिलं. मी मे महिन्यात नवीन तेल भरलं ते आधीच खाल्लेल्या बेअरिंगवर. म्हणून आज एकच गोष्ट घेऊन जा: लोअर युनिट पाण्यात बंद पडतं, पण बिघडतं शेडमध्ये. आणि बिघडायच्या आधी ते तेलातून सांगतं.

आत असतं तरी काय?

एकदा आतलं चित्र डोळ्यांसमोर आलं की बाकी सगळं सोपं जातं.

इंजिनातून एक उभी दांडी खाली येते. तो ड्राइव्ह शाफ्ट. त्याच्या टोकाला छोटा गिअर, त्याला पिनियन म्हणतात. हा पिनियन दोन मोठ्या गिअरना एकाच वेळी फिरवतो. एक पुढे जायचा, एक मागे जायचा. दोन्ही आडव्या दांडीवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर बसलेले, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरत असतात. मधे दात असलेला एक क्लच असतो. तुम्ही लीव्हर पुढे केला की तो पुढच्या गिअरला पकडतो, मागे केला की मागच्याला. मधे असेल तर न्यूट्रल. साधारण इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी, अशी ही जुळणी असते. एवढा सगळा मामला अर्ध्या लिटरच्या आसपासच्या तेलात बुडालेला. छोट्या मोटरला तर त्याहूनही कमी लागतं.

हे तेल आत आणि नदी बाहेर. दोघांच्या मधे असतात पंख्याच्या दांडीवरचे रबरी ऑइल सील. बहुतेक मोटरमध्ये पाठीला पाठ लावून दोन बसवलेले असतात. एक तेल बाहेर जाऊ देत नाही, दुसरं पाणी आत येऊ देत नाही.

आता पाणी आत जातं कसं? मोटर चालली की गिअरकेस तापते, आतली हवा फुगते. मोटर बंद केली की थंड पाण्यात ती हवा आक्रसते आणि बाहेरून ओढ घेते. सील नीट असेल तर काही होत नाही. सीलला चीर असेल तर पिचकारीसारखं पाणी आत ओढलं जातं. दर वेळी थोडंथोडं.

लोअर युनिटच्या डोक्यावर आणखी एक वस्तू बसलेली असते, पाण्याचा पंप. त्यात रबरी पाकळ्यांचं चाक असतं, इम्पेलर. खालच्या जाळीतून नदीचं पाणी ओढून इंजिनाला थंड ठेवायचं काम त्याचं. मोटर चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ना, ती या पंपाची हजेरी. धार नाही म्हणजे इंजिन तापतंय, ताबडतोब बंद करा.

‘आपलं तर गोडं पाणी आहे’

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. कोकणातल्या मोटरला खारं पाणी खातं, हे खरं. आपल्याकडे मीठ नाही, हेही खरं. पण आपल्याकडे चार वेगळे शत्रू आहेत.

पहिला, नायलॉनचा धागा. जलाशयात जाळी टाकलेली असतात, तुटलेले धागे तरंगत असतात. पंखा फिरताना धागा दांडीवर गुंडाळतो, सरकत सरकत पंख्याच्या मागे जातो आणि थेट सीलला कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्या मोटरचं सील असंच गेलं होतं. पंखा काढल्यावर मागे धाग्याची घट्ट अंगठीच निघाली.

दुसरा, जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येतं. त्या खतावर जलपर्णी माजते. ती पाणी ओढायच्या जाळीवर चिकटली की पंप उपाशी.

तिसरा, गाळ आणि रेती. पुराचं गढूळ पाणी इम्पेलरच्या पाकळ्या घासून टाकतं.

चौथा, बुडालेल्या वस्तू. बुडीत क्षेत्रात झाडांचे बुंधे आहेत. पुरात तर धानाच्या बांध्यांचे धुरे, कुंपणाची तार, विहिरीचे काठ, सगळं पाण्याखाली. पंखा एकदा जोरात आपटला की दांडी किंचित वाकते आणि वाकलेली दांडी सीलला रोज थोडं थोडं मोठं भोक पाडते.

तेल काढायचं आणि वाचायचं

आता हाताला तेल लावू. सामान लागेल: मोठा सपाट पेचकस, पाना-सेट, पक्कड, एक घमेलं, चिंध्या, गिअर ऑइल, तेल भरायचा हातपंप आणि ड्रेन बोल्टचे नवीन वॉशर. तुमच्या मोटरचं मॅन्युअल मोबाईलवर डाउनलोड करून ठेवा. तेल किती आणि कुठलं, हे त्यात बघायचं. माझ्यावरही विश्वास ठेवू नका.

सगळ्यात आधी स्पार्क प्लगच्या वायर काढा. पंख्याला हात लावताना इंजिन चुकून सुरू होऊ शकतं, आणि बोटं परत उगवत नाहीत.

मोटर सरळ उभी ठेवा. शक्य असेल तर आदल्या रात्रीपासून. पाणी तेलापेक्षा जड, ते रात्रीतून तळाशी बसतं. लोअर युनिटच्या बाजूला दोन बोल्ट दिसतील. एक खाली, एक वर. खाली घमेलं ठेवा आणि खालचा बोल्ट हळूच ढिला करा. पहिले थेंब नीट बघा. आधी निव्वळ पाणी आलं तर उत्तर तिथंच मिळालं. मग वरचा बोल्ट काढा म्हणजे हवा आत जाईल आणि तेल वाहायला लागेल. एक काळजी घ्या: काही मोटरमध्ये ड्रेन बोल्टच्या जवळच आणखी एक स्क्रू असतो, तो आतल्या गिअर बदलायच्या भागाला धरून असतो. तो उघडला तर आतला भाग सुटतो आणि पूर्ण युनिट खोलावं लागतं. म्हणून आधी मॅन्युअलमधलं चित्र, मग पेचकस.

आता तेल वाचा. डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसं.

तेल स्वच्छ आहे, रंग थोडा गडद झालाय: सगळं ठीक.

काळं आणि जळका वास: फार जुनं झालंय. बदला आणि पुढच्या वेळी लवकर बदला.

दुधाळ, चहासारखं, लस्सीसारखं: पाणी आत जातंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही. हीच माझी चूक होती.

ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा बारीक थर दिसेल. तो चालतो, गिअर घासतात तेवढे. पण नखाएवढे तुकडे, चकचकीत कण दिसले तर आत काहीतरी तुटतंय. ती मोटर पुरात नेऊ नका.

नवीन तेल भरताना एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. तेल खालून भरायचं. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि गिअर अर्धे कोरडे राहतात. पंपाची नळी खालच्या भोकात लावा, हळूहळू दाबत राहा. वरच्या भोकातून तेल यायला लागेल, आधी बुडबुड्यांसह. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा. मग आधी वरचा बोल्ट बसवा, नंतर खालची नळी काढून झटकन खालचा बोल्ट लावा. वरचा बंद असला की खालून तेल पटकन गळत नाही. कोकाकोलाच्या स्ट्रॉवर बोट ठेवतो तसंच. दोन्ही बोल्टना नवीन वॉशर. जुना वॉशर दाबून चपटा झालेला असतो, त्यातूनही पाणी जातं.

तेल कुठलं? मरीन गिअर ऑइल, बहुतेक मोटरना ९० ग्रेडचं. गाडीतलं इंजिन ऑइल अजिबात नको. मरीन तेलात थोडं पाणी सांभाळून घ्यायची आणि गंज थोपवायची ताकद असते. आपल्याकडे दुकानात लगेच मिळत नाही, नागपूरहून आणा किंवा ऑनलाइन मागवा. पण मे महिन्यात मागवा, ऑगस्टमध्ये नको. साधारण १०० तास चालल्यावर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. नवीन मोटरचं पहिलं तेल त्याहून बरंच लवकर बदलायचं असतं, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

पंखा काढा, धागा शोधा

हे काम तर कुणीही करू शकतं. पंख्याच्या नटमधून आरपार गेलेली कॉटर पिन पक्कडनं सरळ करून ओढा. पंखा आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही, मग नट सोडवा. कुठला वॉशर आधी, कुठला नंतर, याचा फोटो काढत चला. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, त्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पंखा निघाला की मागे बघा. धागा, गवत, प्लास्टिक असेल ते काढा. सीलच्या भोवती तेल ओघळलेलं दिसलं तर सील गेलंय. दांडी हातानं फिरवा आणि तिच्या टोकाकडे नीट बघा. टोक गोल गोल डगमगताना दिसलं तर दांडी वाकलीय. मग दांडीवरच्या खाचांना पाण्यात टिकणारं ग्रीस लावा, नाहीतर पंखा जाम होतो आणि पुढच्या वर्षी हातोड्यानंही निघत नाही. कॉटर पिन नवीनच लावा.

छोट्या मोटरमध्ये पंखा एका मऊ पिनवर फिरतो, शिअर पिन. पंखा दगडावर आपटला की गिअर वाचावेत म्हणून ती मुद्दाम तुटते. ती तुटली की इंजिन चालतं पण होडी हलत नाही. अशी मोटर असेल तर होडीत दोन पिना, पक्कड आणि एक कॉटर पिन कायम बांधून ठेवा. तिथं खिळा घालू नका. खिळा तुटणार नाही, त्याच्याऐवजी गिअर तुटेल. मोठ्या मोटरमध्ये पिनऐवजी पंख्याच्या आत रबरी बुश असतो. तो सुटला तर थ्रॉटल वाढवल्यावर इंजिन ओरडतं आणि होडी रेंगाळते. तेव्हा थ्रॉटल अगदी कमी ठेवून हळूहळू काठाला या.

हवेची परीक्षा

तेल दुधाळ निघालं असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं. तेल पूर्ण काढा, खालचा बोल्ट बंद करा, वरच्या भोकात मीटर असलेला छोटा हवेचा पंप लावा. साधारण १० पीएसआय हवा भरा, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर जाऊ नका. टायरच्या सवयीनं तीस-पस्तीस भराल तर चांगलं सीलही उखडेल. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. खाली येत असेल तर साबणाचं पाणी लावा: पंख्याची दांडी, गिअर बदलायची दांडी, बोल्ट. जिथं फुगे येतील तिथं रोग. पंक्चर काढतात तशीच गोष्ट आहे.

इम्पेलर

इम्पेलरबद्दल बचावाच्या होडीवाल्यांनी खास ऐका. रोज चालणाऱ्या मोटरचा इम्पेलर झिजतो, पण वर्षभर उभ्या मोटरचा इम्पेलर आखडतो. त्याच्या पाकळ्या पंपाच्या आत वाकलेल्या अवस्थेत बसलेल्या असतात. महिनोन्‌महिने तशाच राहिल्या की त्या तशाच वाकड्या होऊन बसतात आणि पाणी नीट ओढत नाहीत. म्हणून ‘आपली तर चाललीच नाही’ हे कारण चालणार नाही. धार बारीक झाली, तर बदला. दोन वर्षांच्या वर तसाही ठेवू नका.

तो बदलायला लोअर युनिट खाली उतरवावं लागतं. बोल्ट सोडवायचे, गिअर बदलायच्या दांडीचा जोड सोडवायचा आणि युनिट सरळ खाली ओढायचं. गिअरचा लीव्हर कुठल्या स्थितीत ठेवायचा हे मॅन्युअल सांगतं, बसवताना त्याच स्थितीत बसवा. पंपाचं झाकण उघडलं की जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी पाकळी कमी असेल तर ती वर पाण्याच्या वाटेत कुठंतरी अडकलीय, ती शोधल्याशिवाय बंद करू नका. दांडीवरची छोटी चावी हरवू नका. नवीन इम्पेलरला साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट त्याच्या चालण्याच्या दिशेनं फिरवत झाकण बसवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात.

युनिट परत चढवताना दोन चुका सगळे करतात. एक, ड्राइव्ह शाफ्टच्या अगदी वरच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावतात. तो आत दाबला जातो आणि शाफ्ट पूर्ण बसू देत नाही. ग्रीस बाजूच्या खाचांना लावा, टोकाला नाही. दुसरी चूक, युनिट नीट बसत नसेल तर बोल्ट आवळून खेचून बसवतात. नाही. खाचा जुळल्या की ते हातानं बसतं. जुळत नसतील तर पंखा किंवा शाफ्ट किंचित फिरवून बघा. जोर लावलात तर काहीतरी तुटणार, आणि ते ॲल्युमिनियम असेल.

ड्रममधली चाचणी

मोटर कोरडी सुरू करू नका. ‘दोन सेकंद चालवून बघतो’ हेही नाही. पाण्याशिवाय इम्पेलर काही सेकंदांतच जळायला लागतो. पंखा काढून ठेवा, मोटर पाण्यानं भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये उतरवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली गेली पाहिजे. न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि मागची धार बघा. मोटर उभी असेल तरी महिन्यातून एकदा पाच मिनिटं असं चालवा. ठेवताना मोटर सरळ उभी ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळतं. आडवी टाकू नका.

पावसाळ्याच्या तोंडावर सगळीकडे रंगीत तालीम होते. होडी पाण्यात उतरते, एक चक्कर होते, फोटो निघतात. चांगलंच आहे, व्हायला हवी. पण त्या एका चकरेत दुधाळ तेलाची मोटरही मस्त चालते. माझीही चालली होती. म्हणून तालमीच्या यादीत एक ओळ वाढवा: खालचा बोल्ट उघडून पाच थेंब तेल बघितलं का? तेवढं तेल परत भरलं, वॉशर बदलला, की काम झालं. दहा मिनिटं लागतात.

काय घरी करायचं नाही

तेल, पंखा, इम्पेलर आणि हवेची परीक्षा घरी करा. सील बदलणं जमत असेल तर करा, पण त्याला योग्य पुलर लागतो आणि हातोड्यानं ठोकलेलं सील महिनाभरही टिकत नाही. गिअर आणि बेअरिंग खोलायला जाऊ नका. त्यांच्यामधलं अंतर पातळ पत्र्यांच्या शिम लावून जुळवलेलं असतं, ते आपल्या पान्यांनी जुळत नाही. मीही ते काम बाहेरूनच करून घेतलं. एका सीलच्या आळसापायी लागलेला तो खर्च ऐकून घरचे आठ दिवस बोलले नाहीत.

आणि एक सांगतो. ज्या होडीत तुम्ही माणसं घेणार आहात, तिच्यात दोन वल्ही आणि एक लांब बांबू असलाच पाहिजे. मोटर कितीही जपली तरी. त्या दिवशी आम्हाला बांबूनंच वाचवलं. पाण्यातल्या माणसाला होडीत घेताना इंजिन बंद करा, न्यूट्रलवर विसंबू नका. पंखा दिसत नाही, कापतो मात्र.

आता मी दरवर्षी रोहिणी लागल्या की, म्हणजे २५ मेच्या आसपास, हे काम करतो. शेतकरी धानाची तयारी करतात, मी घमेलं घेऊन मोटरखाली बसतो. त्या फुटक्या बेअरिंगच्या गोळ्या काचेच्या बरणीत दुकानात ठेवल्यात. पोरं विचारतात, ‘दादा, हे काय?’ मी त्यांना गंजाचे खड्डे दाखवतो. मागच्या वर्षी ते ढिवर बाबा दुकानासमोरून जात होते, त्यांना चहाला बसवलं. चहा आला, तो बघून म्हणाले, ‘तुयं तेल असंच होतं ना गा?’

मी म्हटलं, ‘हो बाबा. आता नाही.’

तर मंडळी, हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या गावात मोटरची होडी असेल, मासेमारीची असो की बचावाची, तर जो माणूस ती सांभाळतो त्याला हा भाग पाठवा. आणि त्याला एकच प्रश्न विचारा: भाऊ, तेल बघितलं का? पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, नदीची आणि स्वतःची.